डिस्क प्लेअरबद्दल ऑपरेटरमामांचं मत

आमच्या मामांना कुठलीही नवी वस्तू दाखवली की ते आधी तिच्या मागे जातात. कुणी फ्रिज घेतला तर बाकीचे लोक दार उघडून आत डोकावतात. मामा फ्रिज भिंतीपासून ओढून मागची जाळी बघतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'चा अर्थ चांगला की वाईट, हे विचारायची सोय नसते. एकदा मी नवा कोट घालून कौतुक करून घ्यायला गेलो, तर त्यांनी मला पाठमोरा उभा केला आणि पाठीची शिवण तपासली. कोट पुढून कसा दिसतो हे त्यांना अजून माहीत नसावं.

यात त्यांचा दोष नाही. सगळी हयात त्यांनी लोकांच्या पाठीमागे उभं राहून काढली. मामा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ऑपरेटर म्हणजे सिनेमा दाखवणारा माणूस. बाल्कनीच्याही वर, एका तापलेल्या केबिनमध्ये, दोन धडधडणाऱ्या यंत्रांच्या मधे तो उभा असतो. समोरच्या भिंतीला चौकोनी भोकं. एका भोकातून उजेड बाहेर जातो आणि दुसऱ्यातून ऑपरेटरची नजर. पुढे टॉकीज बंद पडलं, तिथं फरश्यांचं गोदाम झालं, पण मामांचा हुद्दा काही सुटला नाही. आमच्या गल्लीत त्यांना अजून ऑपरेटरमामाच म्हणतात. मी त्यांचा सख्खा भाचा, त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा; मीही तेच म्हणतो.

मामांना सिनेमाची गोष्ट विचारण्यात अर्थ नाही. गल्लीत कुणी एखाद्या जुन्या सिनेमाचं नाव काढलं की मामांचे डोळे लुकलुकतात आणि ते म्हणतात, पहिलं रीळ झकास होतं, तिसऱ्यात एक जोड होता, तिथं सांभाळावं लागायचं, आणि सातव्याला ओल लागलेली. अहो, पण शेवटी ती वाचते का मरते? ते मामांना ठाऊक नसतं. शेवटचं रीळ चालू असताना ते आधीचं रीळ उलटं गुंडाळत असायचे. खेळ सुटल्यावर जिन्यावरून उतरणाऱ्या बायका नाक पुसत असतील तर मेली, बोलत उतरत असतील तर वाचली, असा त्यांचा अंदाज. बहुतेक वेळा बरोबर यायचा.

आता मामी. मामी घरी शिवणकाम करतात आणि मामांच्या तुलनेत पुष्कळच बोलतात, पण त्यांची एक इच्छा त्यांनी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली तीसुद्धा तोंडात टाचण्या धरून, म्हणजे अर्धीच ऐकू येईल अशी. त्यांना नवऱ्याच्या शेजारी बसून एक सिनेमा बघायचा होता. अख्खा. सुरुवातीच्या पाट्यांपासून दिवे लागेपर्यंत.

ऐकायला ही मागणी अगदी किरकोळ वाटते. पण ऑपरेटरशी लग्न केलेल्या बाईनं असं म्हणणं हे बसड्रायव्हरच्या बायकोनं, आज आपण दोघं मागच्या सीटवर बसून जाऊ या, असं म्हणण्यासारखं आहे. मामींना दर नव्या सिनेमाला पास मिळायचा. त्या ठरलेल्या खुर्चीत एकट्या बसायच्या आणि मामा वर. एकदा मामींनी हट्टानं त्यांना दुसऱ्या टॉकीजला नेलं. मामा पाट्या संपेपर्यंत शेजारी होते. मग, "इथला ऑपरेटर ओळखीचा आहे, नमस्कार करून येतो," म्हणून जे वर गेले, ते खेळ संपल्यावर हात पुसत खाली आले. मामींनी तेव्हापासून विषय सोडला. म्हणजे बोलायचा सोडला.

एक दिवस कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मामींना एक डिस्क प्लेअर दिसला. दुकानातला सगळ्यांत स्वस्त. तिथल्या महागड्या वस्तू काचेच्या कपाटात आणि हा इस्त्र्यांच्या शेजारी मांडलेला. टॉकीज उभं असताना दुकानदार त्याचा पक्का गिऱ्हाईक होता, मामांना फार मानायचा. तो म्हणाला, महिनाभर वापरून बघा मामी, पसंत नाही पडला तर परत आणा, फक्त मामांचं मत मला सांगा. चित्र कसं आहे, आवाज कसा आहे. मामांनी चांगलं म्हटलं तर तो ते ठळक अक्षरांत लिहून काचेवर चिकटवणार होता. मामींनी मान्य केलं. घरात पडदा, चित्र, उजेड यांतलं काहीही मामांच्या खात्यात मोडतं आणि त्यांना नापसंत असलेली वस्तू त्या घरात टिकत नाही, हे त्यांना माहीत होतं. टीव्ही होता, पण तो बातम्यांपुरता. त्यातल्या चित्राला मामा चित्र म्हणत नसत, 'तो उजेड' म्हणत.

यंत्र घरी आलं. मी तारा जोडायला वर गेलो. मामांनी ते खोक्यातून एका हातानं उचललं आणि तिथंच त्यांचं पहिलं मत तयार झालं.

"यात काही नाहीये," ते म्हणाले.

त्यांच्या केबिनमधलं यंत्र जागचं हलवायला चार माणसं लागत. हे पाठ्यपुस्तकाएवढं. त्यांनी ते कानाशी धरून हलवलं, नाकाशी नेलं, मागे वळवून तारांची भोकं मोजली आणि 'हं' म्हणाले. मी डिस्क आत घातली. पडद्यावर आधी एक चेतावणी आली, मग दुसऱ्या भाषेत तीच चेतावणी, मग कुठून सुरू करू असं यंत्रानं विचारलं. मामांना हे आवडलं नाही. सिनेमा कुठून सुरू करायचा हे यंत्रानं ऑपरेटरला विचारायचं म्हणजे काय, पहिल्या रिळापासून सुरू होतो तो. अर्ध्या तासानं त्यांनी यंत्राच्या डोक्यावर हात ठेवला, ताप बघावा तसा. यंत्र गार होतं. हे त्यांचं दुसरं मत झालं. जे तापत नाही ते काम करत नाही, नुसतं काम केल्यासारखं दाखवतं. त्यांनी दोन-तीन नातेवाइकांची उदाहरणंही दिली.

मामींना यंत्र तापतं का गार पडतं याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी सोफ्यावरचे शिवायला आलेले कपडे उचलून पलंगावर नेऊन टाकले होते. दोघांचा सोफा, त्यातल्या एका जागी त्या बसल्या आणि दुसरी जागा मोकळी ठेवली. मामा त्या मोकळ्या जागेकडे एकदाही न बघता सोफ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. हात पाठीशी, एक डोळा किंचित बारीक. तिथं भिंत नव्हती, भोक नव्हतं, पण मामांनी ते मनातल्या मनात पाडून घेतलं असणार.

"अहो, बसा की," मामी म्हणाल्या.

"बसून चित्र कळत नाही," मामा म्हणाले.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं आटोपली की खेळ सुरू व्हायचा. मामी सोफ्यावर, मामा मागे. मी घरी असलो की मला बोलावणं यायचं, कारण रिमोटवरची बटणं मामांच्या बोटांना फार बारीक होती. या दुपारींतून त्यांचं मत हळूहळू भरत गेलं. काळा रंग काळा नव्हता, तो भिजलेल्या छत्रीसारखा होता. माणसांचे चेहरे तापातून उठल्यासारखे. चित्र पडद्याच्या कडेपर्यंत जात नव्हतं, वरखाली पट्ट्या राहत होत्या. टॉकीजमध्ये असं दिसलं असतं तर लोकांनी खुर्च्यांची बुडं फाडली असती. आवाजाबद्दल तर ते जास्तच दुःखी होते. आवाज स्वच्छ आहे, पण उपाशी आहे, असं म्हणायचे. काहीतरी कमी आहे. काय कमी आहे ते सांगता येत नव्हतं, म्हणून मला खालीवर करायला लावायचे. मी जाड आवाज वाढवला, पातळ आवाज कमी केला, मग उलट केलं. मामा मान हलवत राहिले.

चौकशीला आलेल्या दुकानदाराला मी यातलं काही सांगितलं नाही. अजून बघताहेत, एवढंच म्हणालो.

पहिल्या आठवड्यात एक प्रसंग घडला, तो सांगायला हवा. जुना सिनेमा होता. मूळ रिळांवरूनच डिस्क केलेला असावा. रंगात आला होता, नायक पावसात दार ठोठावत होता, मामी पदर तोंडाशी धरून पुढे सरकून बसल्या होत्या. एवढ्यात मामा सोफ्याला वळसा घालून वाऱ्यासारखे पुढे धावले आणि यंत्रावरचं सापडेल ते बटण त्यांनी दाबलं. पडदा निळा झाला. यंत्रानं जीभ काढावी तशी डिस्कची ताटली बाहेर काढली. मामांनी डिस्क उचलली, दुसरा हात शेजारी टेबलावर फिरवला आणि तिथं फक्त टीव्हीचं कापड सापडल्यावर गोंधळून आमच्याकडे बघितलं.

"पुढचं रीळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

झालं होतं ते असं. जुन्या काळी रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. प्रेक्षकांना तो दिसायचा नाही, ऑपरेटरला तेवढाच दिसायचा. तो दिसला की दुसरं यंत्र सुरू करायचं आणि यावरून त्यावर उडी मारायची. डिस्क करताना कुणीतरी तो ठिपका तसाच राहू दिला होता. नायक अर्धा तास पावसात उभा राहिला, कारण मामांनी थांबवलेली जागा पुन्हा शोधायला मला तेवढा वेळ लागला. मामी म्हणाल्या, तुम्ही शेजारी बसला असतात तर मी हात धरून थांबवलं असतं. त्या हे हसत म्हणाल्या. मामा हसले नाहीत, कारण ते यंत्राच्या मागे वाकून, बदल कसा करतात ते शोधत होते.

आवाजाचं कोडं मात्र मामींनी सोडवलं, तेसुद्धा चुकून. एका गिऱ्हाइकाचे कपडे तातडीनं द्यायचे होते, म्हणून त्यांनी शिलाई मशीन सोफ्याजवळ ओढलं आणि सिनेमा चालू असताना पाय मारायला घेतला. खटखटखटखट अशी एकसारखी लय धरली. पाचएक मिनिटांनी मागून समाधानाचा सुस्कारा आला.

"आज आवाज भरलाय," मामा म्हणाले. "काय केलंस रे?"

मी काहीच केलं नव्हतं. मामींचा पाय थांबला. आवाज पुन्हा उपाशी झाला. पाय सुरू झाला, आवाज जेवला. मामींनी माझ्याकडे बघितलं आणि मीही त्यांच्याकडे. मामांनी आयुष्यात एकही सिनेमा यंत्राच्या धडधडीशिवाय ऐकला नव्हता. नायिका हळू आवाजात काही बोलते तेव्हा तिच्या मागे काहीतरी घरघरत असतं, असंच त्यांना वाटत आलेलं. ती घरघर नसेल तर ते बोलणं त्यांना उघडं पडल्यासारखं होत होतं.

इथून मामींचं खरं दुर्दैव सुरू झालं. त्या शिवत राहिल्या तर मामा आवाजावर खूश, यंत्र घरात राहण्याची आशा, पण मामींची नजर सुईवर आणि सिनेमा कानांनी ऐकायचा. शिवण सोडून सिनेमा बघावा तर मागून उसासे. एकदा त्यांनी मशीनऐवजी टेबलफॅन लावून बघितला. मामांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, पंखा बंद कर, मशीनचा आवाज ऐकू येत नाही. शेवटी त्या अर्धवट शिवलेला झगा हातात घेऊन खाली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुझा पाय दे.

म्हणजे दुपारी वर येऊन मशीनवर बसायचं. दोरा नाही, कापड नाही, नुसता पाय मारायचा. मी सुशिक्षित माणूस आहे, माझी नोकरी खुर्चीवर बसून करायची आहे, पण मामींना नाही म्हणणं मला जमत नाही. सुट्टीच्या दिवशी मी रिकामं शिलाई मशीन चालवत सिनेमे बघितले. नायिकेला दुःख झालं की माझ्याकडून पाय हळू पडायचा आणि मामा मागून म्हणायचे, वेग सांभाळ, बाई जाड आवाजात रडतेय. माझ्या पोटऱ्या तेव्हा जशा होत्या तशा परत कधी झाल्या नाहीत.

आवाजाचं निभावलं, पण चित्राचं गाडं काही पुढे सरकेना. उलट दिवसेंदिवस चित्राबद्दल मामांची खात्रीच होत चालली की यंत्र कुचकामी आहे. मला हे कळत नव्हतं. काळा रंग मी काळा करून दिला होता, चेहऱ्यांचा ताप उतरवला होता, वरखालच्या पट्ट्यांचं कारण समजावलं होतं, तेही त्यांनी मान्य केलं होतं. तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी ते पुढे यायचे आणि माझ्या हातातला रिमोट घेऊन चित्र थोडं उजळ, थोडं गडद, थोडं इकडे, थोडं तिकडे करायचे. बरं असलेलं चित्र त्यांच्या हातून बिघडायचं. मग ते मान हलवून मागे जायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा पुढे.

मामींची मान दुखायला लागली होती, हेही याच सुमारास. त्या मानेला पट्टा लावून बसू लागल्या. डॉक्टरांनी शिवणकाम कमी करा म्हणून सांगितलं. खरं तर शिवणाचं सगळं पायाचं काम मीच करत होतो.

महिना संपत आला. दुकानदार एकदा जिन्यात भेटला आणि म्हणाला, काचेवर जागा करून ठेवलीय. त्या दुपारी मामांनी जाहीर केलं की आज शेवटची चाचणी, उद्या यंत्र परत. सगळ्यांत चांगली डिस्क लावायची, खिडक्यांचे पडदे ओढायचे, मध्ये कुणी बोलायचं नाही. मामींनी मानेचा पट्टा काढून ठेवला, सोफ्यावर आपल्या जागी बसल्या, शेजारची जागा हातानं नीट केली. मी मशीनवर पाय ठेवला. सिनेमा सुरू झाला.

मी पाय मारत असल्यामुळे माझं तोंड त्या दिवशी पडद्याकडे कमी आणि या दोघांकडे जास्त होतं, म्हणून मला ते दिसलं. पडद्यावर काहीतरी गमतीचं झालं. मामी हसल्या आणि हसता हसता मान वळवून त्यांनी मागे मामांकडे बघितलं. मामा ताबडतोब पुढे आले आणि त्यांनी चित्र गडद केलं. थोड्या वेळानं एक गाणं लागलं. मामींनी पुन्हा वळून बघितलं. मामा आले, चित्र उजळ केलं. तिसऱ्या खेपेला मामींनी वळायच्या आधी बराच विचार केला असावा, कारण त्यांचा हात मानेकडे गेला होता, तरी वळल्याच. मामांनी रिमोट खाली ठेवला.

"बंद कर," ते मला म्हणाले. "परत देऊन टाकू. यंत्राचा दोष आहे तो आहे."

"काय दोष आहे?" मामींनी विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझं तुलाच दिसतंय. सारखी मागे वळतेस."

मग मामांनी त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. ती मला माहीत नव्हती आणि इतक्या वर्षांत मामींनाही नव्हती. केबिनमधून सगळ्या टॉकीजची फक्त डोकी दिसतात, पाठमोरी. डोकी सरळ असली की सगळं ठीक. एखादं डोकं मागे वळलं की ऑपरेटरनं समजायचं, चित्र धूसर झालंय किंवा आवाज गेलाय. एक वळलं की मागोमाग दहा वळतात, आणि मग शिट्ट्या. म्हणून पहिलं डोकं वळताच हात यंत्रावर गेला पाहिजे. मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं, केबिनमधल्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. आणि शिट्ट्या त्यांच्या टॉकीजमध्ये कधी झाल्या नाहीत, हा त्यांचा अभिमान होता.

"तू तर तेव्हापासून अशीच आहेस," ते मामींना म्हणाले. "तू आलीस की मला धडकी भरायची. कधी पंधरा मिनिटं सरळ बघितलं नाहीस. तू वळलीस की मी भिंग फिरवायचो. पुन्हा वळलीस की पुन्हा फिरवायचो. घरी येऊन काही बोलायची नाहीस, ते तुझं चांगलं होतं. पण तुला माझं चित्र कधी पसंत पडलं नाही, हे मला ठाऊक आहे."

माझा पाय थांबला होता. मामांनी वेग सांभाळ म्हटलं नाही.

मामींना आधी हसू आलं, मग ते मधेच अडकलं. त्या दिवसांत टॉकीजला गेल्या की सिनेमा अधूनमधून पाण्याखाली गेल्यासारखा दिसायचा, हे त्यांना आठवत होतं. शेजारणी त्याच सिनेमाला दुसऱ्या दिवशी जायच्या आणि म्हणायच्या, अगं किती स्वच्छ. मामींनी डोळे तपासून घेतले होते. चष्मा लागला नाही म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडेही गेल्या होत्या.

"अहो, मी चित्रासाठी वळत नव्हते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघत होते. काही मजेचं झालं की वाटायचं, यांनीपण बघितलं का."

मामा सोफ्याच्या मागे तसेच उभे होते. पाठीशी धरलेले हात सुटले आणि कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, तेव्हा त्यांनी ते सोफ्याच्या पाठीवर ठेवले.

"भोकातून?" त्यांनी विचारलं.

"भोकातून काय दिसणार, कपाळ. उजेडाच्या शेजारी थोडं कपाळ दिसायचं."

"आणि मी भिंग फिरवायचो."

"हो ना. आणि ते कपाळ जायचं."

मामांचा चेहरा बघून मला वाटलं, आता ते त्या सगळ्या खेळांची मनात उजळणी करत असावेत, कुठल्या सिनेमाच्या कितव्या रिळात भिंग उगाच फिरलं त्याची. एकदा ते "म्हणजे ते सगळं बरोबरच होतं" असं पुटपुटले. चित्राबद्दल म्हणत होते.

"अहो, माझी मान दुखते आता," मामी म्हणाल्या. "मागे वळवत नाही. इथं बसा, म्हणजे वळायला नको."

मामांनी सोफ्याला वळसा घातला. इतक्या हळू घातला की त्या बाजूला कधी गेलेच नसावेत असं वाटलं. बसले. आधी टोकावर, कुणीही हाक मारली तर उठता येईल असे. मामींनी मला पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणून सांगितलं. मी लावला आणि मशीनवर परत गेलो नाही, दाराशी स्टुलावर बसलो. घरघर नव्हती. मामांनी एकदा कान टवकारले, पण तेवढ्यात पडद्यावर तीच मघाची गंमत आली आणि मामींनी त्यांच्याकडे बघितलं. मान फार वळवावी लागली नाही. मामा पडद्याकडेच बघत होते. त्यांना हसू आलं होतं आणि आपण हसतोय याचं त्यांना नवल वाटत होतं.

मध्यंतरानंतर त्यांना प्रश्न पडायला लागले. हा माणूस कोण, हा मघाशी मेला नव्हता का, तो भाऊ असेल तर त्याला हे माहीत कसं नाही. मामी एकेक उत्तर देत होत्या. मामा इतक्या मोठ्यानं विचारत होते की मला संवाद ऐकू येईनात, पण मी तक्रार कुणाकडे करणार. शेवट आला. नायिका वाचली. मामांनी खात्री करून घ्यायला विचारलं, वाचली ना? मामी म्हणाल्या, वाचली. मग नावांच्या पाट्या वर जाऊ लागल्या, आणि मामांनी त्या सगळ्या वाचल्या, फिल्मची छपाई केलेल्या प्रयोगशाळेच्या नावासकट.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. मामी आणि मी मागे, मामा पुढे, हात रिकामे. दुकानात एक गिऱ्हाईक डिस्क चाळत होता. दुकानदारानं मामांना खुर्ची दिली आणि वहीचा कागद फाडून पेन घेतलं.

मामांनी मत सांगायला सुरुवात केली. एक मुलगी असते, ते म्हणाले, तिचा भाऊ लहानपणी हरवलेला असतो. तिथून जे निघाले ते थेट दवाखान्यातल्या शेवटच्या प्रसंगापर्यंत गेले. मधे कुठेही रीळ, जोड किंवा ओल आली नाही. भाऊ कोण निघाला हे ते सांगत असताना त्या गिऱ्हाइकानं हातातली डिस्क परत कप्प्यात ठेवली, कारण ती त्याच सिनेमाची होती. दुकानदारानं कागदावर अजून काही लिहिलं नव्हतं.

"ते ठीक आहे मामा," तो म्हणाला, "पण चित्र? चित्र कसं होतं?"

मामांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"चित्राकडे लक्ष नाही गेलं," ते म्हणाले.

"आणि आवाज?"

"त्याच्याकडेही नाही."

दुकानदाराचा चेहरा पडला. मामी लगेच पुढे होऊन म्हणाल्या की यंत्र परत करायचं नाहीये, ते आमचंच. त्याला यातलं काय समजलं देव जाणे, पण पेनाला टोपण लावून तो म्हणाला, काचेवर मी आपलं काहीतरी लिहितो.

मामा तोवर डिस्कच्या कप्प्यापाशी पोचले होते. एकेक डिस्क उचलून पुढून बघत होते. मागून नाही, पुढून. शेवटी एक काढून त्यांनी दुकानदारापुढे धरली आणि विचारलं, ही चांगली आहे का रे?

"मामा, हा तुमच्याच टॉकीजला लागला होता," दुकानदार म्हणाला. "पंचवीस आठवडे चालला. तुम्हीच दाखवलाय."

"दाखवलाय," मामा म्हणाले, आणि डिस्क मामींच्या पिशवीत टाकली. "शेवट सांगू नकोस."